मांजरीला आग्रह

आमच्या घरी जेवायला बसलेल्या माणसाची सुटका नसते. याला कारण माझे सासरे. सातारा जिल्ह्यातल्या त्यांच्या गावात कुणाकडंही कार्य निघालं की पंगतीसाठी बाबांना बोलावणं यायचं. वाढण्यासाठी नव्हे, आग्रहासाठी. वाढायला काय, कुणीही वाढतं. पानावर आडवा धरलेला हात बाजूला सारून जिलबी पानात पडली पाहिजे, आणि ज्याच्या पानात पडली त्यानं वर हसलं पाहिजे, हे काम बाबांचं. माझ्या लग्नात त्यांनी माझ्या मधुमेही मामाला अशाच जिलब्या वाढल्या होत्या. मामा हसला होता. मामी अजून हसलेली नाही.

सासूबाई गेल्यावर बाबा आमच्याकडं दुबईला राहायला आले. आम्ही सिलिकॉन ओएसिसमध्ये एका टॉवरमध्ये राहतो. नवरा अबुधाबीत नोकरीला. आठवडाभर तिकडं राहतो आणि सुट्टीला घरी येतो. मी एका बांधकाम कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर आहे, म्हणजे इंजिनिअर लोकांनी चुकीचं काढलेलं ड्रॉइंग नोंदवून घेते आणि त्यांनी ते पुन्हा चुकीचं काढून आणलं की पुढच्या रेव्हिजनचा नंबर देते. मुलगी ऊद मेथाच्या शाळेत जाते. सकाळी बस तिला घेऊन गेली आणि मी निघाले की घरात उरायचे दोघं, बाबा आणि मांजर.

मांजर आम्ही पाळली नव्हती. खालच्या मजल्यावरचं एक कुटुंब देश सोडून गेलं, जाताना सोफा विकला, टीव्ही विकला आणि मांजर पार्किंगमध्ये ठेवली. मुलगी तिला वर घेऊन आली. तिनं तिला कुठल्याशा कोरियन गायिकेचं नाव दिलं. ते बाबांच्या जिभेला वळेना, म्हणून ते तिला नुसतं 'बाई' म्हणू लागले, आणि एकदा बाई म्हटल्यावर मग अहोजाहो आलंच. 'बाई, ऊन आलंय, इकडं सरका.' 'बाई, ही माझी जागा आहे, पण बसा.' संध्याकाळी मी घरात पाऊल टाकलं की दिवसभराचा वृत्तान्त मिळायचा. बाईंना आज पडदा आवडला नाही. बाई दुपारी कबुतरावर चिडल्या होत्या. सासूबाई गेल्यानंतर बाबा इतकं कुणाशी बोललेले मी पाहिले नव्हते. माझ्याशी तर नाहीच.

मग बाई शिंकायला लागल्या.

मी आधी एसीला दोष दिला. या देशात काहीही झालं की आम्ही आधी एसीला दोष देतो. फिल्टर धुतला, तरी शिंका थांबेनात. नाकातून पिवळट यायला लागलं, डोळे चिकटले, आणि श्वास घेताना जुन्या मिक्सरसारखा आवाज यायला लागला. तेव्हा तिला पिशवीवजा पिंजऱ्यात घालून डॉक्टरकडं नेली. डॉक्टर सीरियाची, बुटकी आणि गंभीर. तिनं तपासलं आणि म्हणाली, कॅट फ्लू आहे, त्यावर बॅक्टेरिया बसलेत, अँटिबायोटिक देऊ, इन्शाल्ला बरी होईल.

बरी झाली. औषध संपलं आणि पुन्हा आजारी झाली. दुसरं औषध दिलं. त्यानं तर निम्मंसुद्धा बरं वाटलं नाही. मग नाकातला नमुना घेऊन लॅबला पाठवला, त्यात निघालं की हे जंतू आधीच्या दोन्ही औषधांना जुमानत नाहीत. तिसरं औषध आलं. ऑफिसात मी याला रेव्हिजन म्हणते. फरक एवढाच की ऑफिसातलं ड्रॉइंग मधल्या काळात वाळत जात नाही.

कारण मुख्य दुखणं आता जंतूंचं राहिलं नव्हतं. बाईंनी खाणं सोडलं होतं. डॉक्टरनं समजावून सांगितलं, की मांजर आधी नाकानं जेवतं. नाक चोंदलं की तिला समोर अन्न आहे हेच कळत नाही. आणि मांजरीनं काही दिवस खाल्लं नाही तर माणसासारखं नुसतं अशक्त होऊन भागत नाही, तिचं लिव्हर जातं. औषध त्याचं काम करील, म्हणाली, पण तोवर ती टिकली पाहिजे. तिला जेवायला घाला.

जेवायला घाला. हे तिनं आमच्या घराला सांगितलं.

बाबांनी लेंग्याच्या नाड्या आवळल्या. सगळ्यात आधी नाक. त्यांनी सकाळ-संध्याकाळ बाईंना वाफारा द्यायला सुरुवात केली. उन्हाळ्यात आमच्याकडं गार पाण्याच्या नळालाच उकळतं पाणी येतं, त्यामुळं हीटरचा प्रश्न नव्हता. शॉवर सोडायचा, बाथरूमचं दार लावायचं, आणि आत कमोडच्या झाकणावर बनियनवर बसलेले बाबा, मांडीवर टॉवेलात बाई. बाहेर बेचाळीस डिग्री, आत त्याहून जास्त. दारातून बाबांचा आवाज यायचा, 'थोडा वेळ अजून, बाई. मलाही सर्दी असल्यासारखं वाटतंय, माझंही काम होतंय.'

मग खाणं. उकडलेली कोंबडी झाली, ट्यूना झाला, लहान मुलांसाठी मिळतं ते बाटलीतलं मटणाचं सार झालं. आमच्या मजल्यावर रत्नागिरीकडचं एक मुसलमान कुटुंब राहतं, त्यांचा सुक्या मासळीचा व्यापार आहे. त्या शेजारणीला कळलं तशी ती सुकट घेऊन आली. म्हणाली, 'ताई, तव्यावर जरा गरम करा. याचा वास ज्याला येत नाही तो मेलेला समजायचा.' गरम केली. वास आला. तो सगळ्या मजल्याला आला. वॉचमन वर येऊन दारोदार विचारून गेला की गॅस कुणाचा लीक होतोय. बाईंना मात्र काही आला नाही. त्यांनी बशीकडं पाहिलं आणि सोफ्याखाली गेल्या.

बाबा त्यांच्या मागं सोफ्याखाली गेले. म्हणजे जेवढे जाऊ शकत होते तेवढे. पालथे पडून, हात लांब करून, वाटी पुढं सरकवत, 'घ्या बाई, एवढं घ्या. माझ्यासाठी एक घास. बरं, नातीसाठी एक घ्या.' बाईंनी तोंड उजवीकडं वळवलं की वाटी उजवीकडं जायची, डावीकडं वळवलं की डावीकडं. बोटावर सार घेऊन ओठाला लावायचं. तिनं चाटलं की आनंद, की बघ, खाल्लं. मी दुसऱ्या बाजूनं बसायची, मला वाटायचं बाई माझं ऐकतील. मुलगी तिसऱ्या बाजूनं, 'प्लीज बेबी, जस्ट वन बाइट.' नवरा अबुधाबीहून व्हिडिओ कॉलवर, 'जरा प्रेमानं सांगा ना तिला!' जणू आम्ही तिला नोटीस देत होतो.

औषध तर आणखी अवघड. गोळी तोंडात घालायला गेलं की बाई चावायच्या. तेव्हा बाबांनी ते खातं स्वतःकडं घेतलं. गोळी कुटायची आणि ट्यूनात कालवायची. नवऱ्याला लहानपणी ताप यायचा तेव्हा ते कडू गोळ्या शिकरणात घालून द्यायचे, त्याला कधी पत्तासुद्धा लागला नाही, असं ते अभिमानानं सांगायचे. नवरा शिकरण खात नाही. का खात नाही हे कुणी कधी विचारलं नव्हतं.

असे दिवस गेले आणि बाई हातात घेतली की टॉवेलच घेतल्यासारखी लागायला लागली. एका गुरुवारी संध्याकाळी आम्ही तिला पुन्हा घेऊन गेलो. डॉक्टरनं नाक पाहिलं, छाती ऐकली आणि नवल केलं. नाक मोकळं होतंय, म्हणाली, औषध लागू पडतंय. मग ही खात का नाही? आता हिला वास येतोय.

ते आम्हाला ठाऊक असतं तर आम्ही तिच्याकडं कशाला आलो असतो, असं मी मराठीत म्हटलं. ती म्हणाली, सोमवारपर्यंत आपणहून खाल्लं नाही तर भरवण्यासाठी मानेतून पोटात नळी घालावी लागेल. त्यासाठी भूल द्यावी लागेल. या छातीला भूल सोसेल का हे ती सांगू शकत नव्हती. ते तिनं सरळ सांगितलं, इन्शाल्लासुद्धा न लावता. बाबांना इंग्रजी कळत नाही, पण माझं तोंड कळतं. ते पिंजऱ्याच्या जाळीत बोट घालून उभे होते.

तेवढ्यात डॉक्टरनं विचारलं, तुम्ही भरवता कसं? मुलीच्या फोनमध्ये व्हिडिओ होता, बापाला पाठवण्यासाठी काढलेला. तिनं दाखवला. डॉक्टरनं तो पूर्ण पाहिला आणि पुन्हा पहिल्यापासून लावला.

'हबीबती,' ती मला म्हणाली, 'हे गृहस्थ तिला काय सांगताहेत?'

मी सांगितलं, की घ्या म्हणताहेत. आमच्याकडं जेवणाऱ्याला असं म्हणावं लागतं. तसं म्हटलं नाही तर त्याला वाटतं, आपण यांना नकोसे आहोत.

'आमच्याकडंही असंच,' डॉक्टर म्हणाली. 'माझी आई तर ताटात टाकतेच. पण पाहुणा शेवटी उठून आपल्या घरी जातो. हिनं कुठं जायचं?'

मग तिनं फोड करून सांगितलं. आजारी मांजराला मळमळत असताना वाटी नाकाशी नेली, तोंडाला अन्न चोपडलं, त्यात कडू औषध घातलं, तर ते मनाशी पक्कं करतं की मला जे होतंय ते या वाटीमुळंच. मग दुखणं गेलं तरी वाटी नको होते. हिला भूक आहे. ही तुमच्या वाटीला भिते. आणि वाटीबरोबर जो माणूस येतो त्याला. तेव्हा आता औषध एकानं द्यायचं, वेगळ्या खोलीत, सरळ तोंडात, चावली तरी. अन्नात काही घालायचं नाही. वाटी ठेवायची आणि निघून जायचं. कुणी बोलायचं नाही, बघायचं नाही. खलास.

गाडीत बाबांनी विचारलं, 'काय म्हणाली?'

मी सांगितलं. जमेल तेवढं मऊ करून सांगितलं, पण ड्रॉइंगमधली चूक मऊ करून सांगायची सवय मला नाही.

'वाटी ठेवायची आणि जायचं?' बाबा म्हणाले.

'हो.'

'कुठं?'

'बाहेर.'

'पान वाढून पाठ फिरवायची.' ते खिडकीबाहेर बघायला लागले. माझ्या मुलीला मराठी सगळं कळतं, बोलत मात्र ती इंग्रजीतच. तिनं मागच्या सीटवरून हळूच म्हटलं, 'आजोबा, इट्स नॉट युअर फॉल्ट.' आजोबांना मराठीत सांगितलं असतं तरी ते कळलं नसतं.

रात्रीची गोळी मी दिली. बाई अंगठ्याला कडकडून चावल्या. आम्ही दोघी एकमेकींवर फार चिडलो, पण गोळी गेली.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली. बाबांनी कोंबडी उकडली, बारीक केली, वाटीत घालून दिवाणखान्यात ठेवली आणि स्वयंपाकघराच्या दाराआड जाऊन उभे राहिले. मी म्हटलं, हे बाहेर नाही. म्हणाले, ती बघत नाहीये. ती सरळ दाराकडंच बघत होती. दाराखालून बाबांच्या पायांची बोटं दिसत होती. तासाभरानं वाटी तशीच उचलली.

मग मी सगळ्यांना फ्लॅटच्या बाहेर काढलं. वाटी ठेवली, दार ओढून घेतलं, आणि आम्ही तिघं कॉरिडॉरमध्ये लिफ्टसमोर उभे राहिलो. संध्याकाळी नवरा अबुधाबीहून दीड तास गाडी चालवून आला. लिफ्टचं दार उघडलं तर समोर सगळं कुटुंब उभं. त्याला वाटलं, गेली. त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. मी म्हटलं, 'रडू नकोस, आत जेवायला वाढलंय, आवाज होईल.' तो तिथंच बॅगेवर बसला. त्याला सगळं सांगितलं, वाटीची भीती, अन्नातली गोळी. तो बापाकडं बघून म्हणाला, 'मी शिकरण का खात नाही ते मला आज कळलं.' कुणीच हसलं नाही.

आत गेलो तर वाटीतली कोंबडी तशीच होती, पण वरचं सार गेलं होतं. वाटीच्या कडेला चाटल्याचा ओला डाग होता. बाबा खाली बसून तो डाग बघत राहिले. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि मी ओठांवर बोट ठेवलं. इतका आनंद झालेला माणूस इतका गप्प बसलेला मी कधी पाहिला नाही.

शनिवारी तिनं थोडी कोंबडी खाल्ली. रविवारी वाटी निम्मी झाली. सोमवारी डॉक्टरनं वजन केलं आणि नळीचा विषय काढलाच नाही. पुढं हळूहळू नाक सुकलं, डोळे उघडले, मिक्सर बंद झाला. औषध शेवटच्या गोळीपर्यंत दिलं. माझ्या अंगठ्याची जखमही भरली. नंतर लॅबला पाठवलेल्या नमुन्यात एकही जंतू निघाला नाही, आणि डॉक्टरनं फोन करून सांगितलं, 'मबरूक, अभिनंदन, शी इज क्लीन. आता नेहमीसारखे राहा.'

मी बाबांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, वाटी ठेवली, चपला घातल्या आणि बाहेर गेले.

मला वाटलं, सवय आहे, जाईल. गेली नाही. सकाळी मी निघताना आणि संध्याकाळी परत येताना बाबा लिफ्टसमोर उभे असायचे. मुलीच्या बसच्या वेळेलाही. दुपारी मी नसताना ते काय करतात हे मला पार्सलवाल्या पोरांकडून कळलं, कारण ती पोरं त्यांना फ्लॅटचे नंबर विचारायला लागली होती आणि बाबा बोटानं दाखवायचे. घरातही ते बाईंशी बोलेनासे झाले. ती सोफ्यावर येऊन बसली की ते उठून खुर्चीवर जायचे. संध्याकाळचा वृत्तान्त बंद झाला. आम्हालासुद्धा ते एकदाच वाढायचे आणि आपलं पान घेऊन बसायचे. भाजी उरायला लागली. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, आमच्या घरात कधी भाजी उरली नव्हती.

मग एक दिवस सुकटवाली शेजारीण दारात आली. आत यायला तयार नाही. म्हणाली, 'ताई, वाईट वाटून घेऊ नका. पण बुजुर्ग माणूस आहे. ऐन जेवणाच्या टायमाला त्यांना बाहेर उभं करता, हे बरं दिसत नाही. तुम्हाला जमत नसेल तर माझ्याकडे पाठवत जा. मी घालीन जेवायला.'

मला तिचा भयंकर राग आला. ती गेल्यावर कळलं की तिचा नाही, बाबांचा आलाय. तशीच कॉरिडॉरमध्ये गेले.

'बाबा, ती बरी झालीय. डॉक्टर म्हणाली, नेहमीसारखे राहा. तुम्ही आत बसा.'

'नको.'

'अहो, ते तेव्हा होतं. आता तिला काही झालेलं नाही.'

'झालेलं नाही ना? खातेय ना?' बाबा म्हणाले. 'मग मला इथं उभं राहायला काय धाड भरलीय? मी असलो की ती जेवत नाही, तूच सांगितलंस.'

मीच सांगितलं होतं. डॉक्टरचं इंग्रजी मी मराठीत आणलं होतं, आणि बाबांनी त्यातलं एवढंच ठेवून घेतलं होतं की रोग म्हणजे ते. इन्फेक्शन गेलं, आणि हा माणूस बाहेर राहिला. मी परत आत आले, तेही रागानंच, आणि दार लावायचं राहिलं.

आत वाटी भरलेली होती. बाई वाटीजवळ नव्हत्या, दाराच्या पायपुसण्यावर बसल्या होत्या. बहुतेक रोजच तिथं बसत असाव्यात. आम्ही कुणी बघायलाच नव्हतो. मी बाजूला झाले. बाई माझ्या पायाला घासून बाहेर पडल्या, शेपूट ताठ करून कॉरिडॉरमधून चालत गेल्या, आणि लिफ्टसमोर बाबांच्या चपलांवर जाऊन टेकल्या.

बाबा जागच्या जागी थिजले. दोन्ही हात वर धरून, एखाद्यानं बंदूक रोखावी तसे. माझ्याकडं बघून घाईघाईनं, अगदी हळू आवाजात म्हणाले, 'मी काही बोललो नाही हं तिला.'

मी आत जाऊन वाटी घेऊन आले आणि तिथंच, लिफ्टसमोरच्या फरशीवर ठेवली. बाई जेवायला लागल्या. बाबांनी भिंतीकडं तोंड केलं, आणि ती सगळी वाटी संपेपर्यंत ते तसेच उभे राहिले.